ताटामागची मुलगी

मी एक कॅमेरा आहे आणि आज मला बोलायचंच आहे. इतकी वर्षं मूग गिळून गप्प बसलो, कारण आम्हाला तोंड नसतं, फक्त डोळा असतो. पण सहन करण्यालाही काही हद्द आहे की नाही? ज्याच्या हातात जावं तो माझ्याकडून माइकचे फोटो काढून घेतो. गाणारा माणूस मागे धुरकट, आणि त्याच्या तोंडापुढचा माइक असा स्वच्छ की जाळीची भोकं मोजून घ्यावीत. मी काय माइकचा जावई आहे?

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे होते, हवा स्वच्छ होती आणि माझ्या काचेवर कुणी बोट ठेवत नव्हतं, एवढंच. ते सुख पुन्हा नशिबी आलं नाही. दुकानातून मला आमच्या मास्तरांनी उचललं. मास्तर गाण्याच्या कार्यक्रमांचे फोटो काढतात. अंधार, धूर, लाल-निळे दिवे आणि उड्या मारणारे गायक, या सगळ्या गोंधळातून नेमका चेहरा कसा पकडायचा हे त्यांना ठाऊक. बटण दाबायच्या आधी ते श्वास रोखायचे आणि त्यांच्या बरोबर मीही. तेव्हा दिवस बरे चालले होते, खोटं कशाला बोलू?

मग त्यांनी नवा कॅमेरा घेतला. मला टाकून दिलं असतं तर एकवेळ परवडलं असतं. त्यांनी मला कार्यशाळेला लावलं.

ज्यांना असे फोटो शिकायचेत त्यांना मास्तर एका दिवसात शिकवतात. सकाळी वर्ग, दुपारी एखाद्या बँडच्या तालमीत सराव आणि संध्याकाळी खऱ्या कार्यक्रमात, स्टेजच्या पायाशी उभं राहून फक्त पहिली तीन गाणी. चौथं सुरू व्हायच्या आत बाहेर. फ्लॅश तर मुळीच नाही. नियम सगळीकडे हाच आहे, नाहीतर कॅमेरेवाले प्रेक्षकांना काही बघू द्यायचे नाहीत. आणि ज्या शिकाऊ माणसाकडे स्वतःचा कॅमेरा नसतो त्याच्या गळ्यात मी.

काय काय नमुने पाहिले म्हणून सांगू! एकानं माझ्या तोंडावरचं झाकण न काढताच पहिलं गाणं उरकलं आणि वर म्हणाला, "इथले दिवे फार कमी आहेत हो." एकीच्या नाकाचा शेंडा दर फोटोला नव्यानं माझ्या पाठीवर उमटे. आणि सगळ्यांची एकच खोड. एक फोटो काढायचा की लगेच स्क्रीनवर बघायचा. तेवढ्यात गायक उडी मारून खालीसुद्धा आलेला असतो! शेवटी मास्तर वैतागले आणि कार्यक्रमाच्या आधी आम्हा सगळ्यांच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी मारायला लागले. "आत्ता समोर बघा," ते म्हणतात, "काय बिघडलं त्याचं रडू आपण नंतर." पट्टीचा डिंक माझ्या पाठीवर राहतो, त्याचं कुणालाच काही नाही.

तर अशाच एका कार्यशाळेत त्या बाई आल्या.

मास्तरांनी सकाळी प्रत्येकाला विचारलं, इथे का आलात. एक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या गळ्यात माझ्या दुप्पट आकाराचा नवाकोरा कॅमेरा. ते उजेड आणि सावली यांवर बराच वेळ बोलले. बाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी पर्समधून वर्तमानपत्राचं कात्रण काढून टेबलावर ठेवलं.

"यात माझी मुलगी आहे."

मास्तरांनी चष्मा लावला. एक गायक, दोन गिटारवाले. "कुठे?"

"ही काय, या ताटामागे."

ड्रमबरोबर ती पितळी चकती असते ना, तिला बाई ताट म्हणत. ताटाच्या वर थोडेसे केस दिसत होते.

"ड्रम वाजवते ती," बाई म्हणाल्या. "इतके कार्यक्रम झाले, इतके फोटो छापून आले, पण एकातही तिचं तोंड नाही. आणि आज संध्याकाळी आपण जाणार, तो तिचा शेवटचा कार्यक्रम. पुढच्या आठवड्यात नोकरीसाठी लांब चालली आहे. उद्या ड्रमसुद्धा देऊन टाकणार. मला तिचा वाजवतानाचा एक फोटो हवाय. तोंडासकट."

"मग घरी काढायचा की," डॉक्टर म्हणाले.

"घरी दार लावून घेते हो ती. वाजवताना बघितलेलं चालत नाही तिला."

दुपारी तालमीला गेलो. मुलीनं आईला पाहिलं आणि तिच्या हातातली काठीच पडली. "आई! तू इथे काय करतेयस?"

"शिकायला आलेय."

"माझ्यासमोर उभी राहू नकोस हं. हात चुकतो माझा."

"मी कुठे तुझ्याकडे बघतेय? मी कॅमेऱ्यातून बघतेय."

बँडमधली पोरं "काकू आल्या, काकू आल्या" करत पुढे धावली. झालं, तेव्हापासून त्या सगळ्या वर्गाच्या काकू झाल्या. काकूंच्याच वयाचे मास्तरही त्यांना काकू म्हणायला लागले.

आणि मग माझ्या नाकी नऊ आले. काकूंना सगळं समजत होतं. उजेड समजला, अंतर समजलं, माइक सोडून चेहरा कसा धरायचा तेही समजलं. पण ताट झणकन वाजलं की काकू दचकत. खांदे वर, डोळे गच्च मिटलेले, आणि नेमकं तेव्हाच बोट दाबलं जाई. मी छत काढलं. मी माझाच गळ्यातला पट्टा काढला. मी डॉक्टरांचा कान काढला.

"काकू, तुम्ही डोळे मिटताय," मास्तर म्हणाले.

"छे! मी कशाला मिटू?"

"मग हे छत कुणी काढलं?"

"कॅमेऱ्यातच काहीतरी बिघाड दिसतोय."

बिघाड! माझ्यात! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मास्तरांनी सगळ्यांना कानात घालायला मऊ बोळे दिले होते, तेसुद्धा काकूंनी पर्समध्ये टाकून दिले. मुलगी वाजवणार आणि मी कानात बोळे घालून उभी राहू का, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळ झाली. सभागृह भरलं, पाठीवर काळी पट्टी बसली आणि आम्ही स्टेजच्या पायाशी गेलो. सगळे गायकासमोर गर्दी करून उभे राहिले. काकूंना मात्र मास्तरांनी डावा कोपरा दाखवला. तिथून दोन ताटांमधली फट दिसते आणि फटीत ड्रमवाली.

पहिलं गाणं काकूंनी दचकण्यात घालवलं. दुसऱ्या गाण्यात गिटारवाला नेमका फटीसमोर ठाण मांडून उभा राहिला. मला त्याची पाठ तोंडपाठ झाली. मी आतल्या आत शिव्या घालत होतो. अरे बाबा, एवढं मोठं स्टेज मोकळं पडलंय, हल ना जरा!

दुसरं गाणं संपलं तेव्हा मुलीनं वाकून आईकडे पाहिलं. काकूंचे डोळे अजून मिटलेले. मुलीनं काठी स्वतःच्या कानाला लावून अशा काही भुवया चढवल्या की काकूंनी डोळे उघडताच निमूट पर्स उघडली आणि बोळे कानात कोंबले. त्या गडबडीत मी कठड्यावर आपटलो, ते वेगळंच.

तिसऱ्या गाण्यात चमत्कार झाला. ताट वाजलं आणि काकूंची पापणीसुद्धा लवली नाही. हात स्थिर, श्वास बेताचा. पण आता मुलगी मान वर करेना! नुसते केस, केस आणि केस. वर बघ गं बाई, एकदा तरी वर बघ, असं मी मनात घोकत राहिलो आणि गाणं संपलं.

"चला, बाहेर!" मास्तर ओरडले. सगळे निघाले. काकूंना मात्र काहीच ऐकू आलं नाही.

चौथं गाणं सुरू झालं. गायक पाणी प्यायला मागे गेला, गिटारवाले बाजूला सरकले आणि एकटे ड्रम वाजायला लागले. वरून पांढरा दिवा पडला. दाराशी उभा असलेला सुरक्षारक्षक काकूंकडे चालत आला आणि त्यानं त्यांचं कोपर धरलं.

"एकच मिनिट हं, दादा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी श्वास रोखला. मीही रोखला.

मुलीनं मान वर केली. काकूंचं बोट दाबलं गेलं, अगदी हलकं. पुढच्या क्षणी आम्ही दाराबाहेर होतो.

"नियम म्हणजे नियम!" मास्तर बाहेर कडाडले. "उद्या मला इथे पाऊल ठेवू देणार नाहीत!"

"काय म्हणालात?" काकूंनी विचारलं.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागच्या खोलीत मास्तरांनी माझी पट्टी सोलली. अजून फुगलेलेच होते. छत, पट्टा, पाठ, पाठ, केस, केस. काकूंचा चेहरा उतरत चालला. मग शेवटचा फोटो आला.

दोन ताटांच्या मधोमध तिचं तोंड होतं. नाक आक्रसलेलं, डोळे मोठे, कपाळाला केस चिकटलेले आणि दातांच्या कोपऱ्यातून जीभ बाहेर आलेली. कडेकडेनं सगळं अंधुक, पण ते तोंड लख्ख. मास्तर हळूच म्हणाले, "असा मला नसता जमला."

मुलीनं आईच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "ई! आई, किती घाणेरडी दिसतेय मी! पूस तो. आत्ताच्या आत्ता पूस."

काकू स्क्रीनकडे बघतच राहिल्या. "चपलेचा पट्टा लावताना जीभ अशीच काढायचीस गं," त्या म्हणाल्या. "आणि हे तोंड दार लावून लपवत होतीस होय?"

"सर, हिला सांगा ना, कसा पुसायचा ते."

मास्तर बटण दाखवायला वाकले. काकूंनी मला झटकन पोटाशी धरलं.

"सर, सकाळपासून तुम्ही सांगाल ते सगळं शिकले. पुसायचं तेवढं मला शिकवू नका."

मुलीनं मागून आईला मिठी मारली आणि मी दोघींच्या हातांखाली चेंगरलो. ती हसत होती की रडत होती, ते मला दिसलं नाही.

माझ्यातला फोटो उतरवून घेतल्यावर काकूंनी मला परत केलं, पण त्याआधी कृतज्ञता म्हणून आपल्या हातरुमालानं माझी काच खसाखसा पुसली. "अहो काकू, अशी नसते पुसायची!" मास्तर किंचाळले. ओरखडा पडायचा तो पडलाच. घ्या! म्हणजे तेवढं एक पुसायचं त्यांना शिकवायलाच हवं होतं.

हल्ली मी पुन्हा पिशवीत असतो. बटणावरचा रंग उडालाय, पाठीला डिंक आहे, आणि अजून एक-दोन कार्यशाळा तरी निघतील असं मास्तर म्हणतात. पुढे मला जो कुणी गळ्यात घालेल त्याला हात असते तर हात जोडून सांगितलं असतं, झाकण काढा हो! आणि माइकचे फोटो पुरे झाले आता. मास्तर, तुम्ही माझी काच बदलायला निघाला आहात म्हणे. एरवी मी स्वतःच मागितली असती. पण ओरखडा फोटोत दिसत नाही, फक्त मलाच दिसतो, तेव्हा एवढी माझी विनंती ऐका आणि तो राहू द्या.