आणखी काही सांगायचंय?

"जजबाईंचा कधी कुणाशी वागताना तोल गेलाय?" तपासनिसाने विचारलं.

लुमिर डोलेझालने टेबलावरची कॉफी उगाच जवळ ओढली. ज्यूरीची खोली त्याला पाठ होती, पण आज तीच परकी वाटत होती. जज थॉर्सन यांचं नाव फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टासाठी पुढे आलं होतं आणि वॉशिंग्टनच्या वतीने हा तरुण माणूस अख्ख्या गावाला प्रश्न विचारत फिरत होता. पेट्रोल पंपावर गेला, चर्चमध्ये गेला, आता बेलिफाची, म्हणजे लुमिरची, पाळी.

कोर्टात शिस्त राखणारा, जज आत येताना सगळ्यांना उभं राहायची हाक देणारा बेलिफ हा जजचा माणूस. जज गेला की त्याचंही बस्तान उठतं. नवा जज आपला माणूस घेऊन येतो. सकाळीच त्याच्या बायकोने, डोरिनने, राजमा-खिम्याच्या चिलीच्या वाडग्याशेजारी दालचिनीचा रोल ठेवत टोमणा मारला होता. "कर हो, भरभरून कौतुक कर! म्हणजे ती जाईल लिंकन शहरातल्या मोठ्या कोर्टात नि तू बसशील घरी माझं डोकं खात."

"अगं, मग काय खोटं सांगू?"

"खोटं कशाला? ते ड्वेन कुचेराचं सांग की. ते तर खरंच आहे."

तोच काटा दिवसभर सलत होता. सांगावं, तर आपली नोकरी वाचवायलाच सांगितलं असं आपल्यालाच वाटत राहणार. लपवावं, तर लबाडी.

"गेलाय," लुमिर म्हणाला. "एकदा."

तपासनिसाने मान वर केली.

"मक्याच्या कापणीचे दिवस होते. ड्वेन कुचेरा ज्यूरीत होता. आलाच नाही. खटला अडकला, सगळे खोळंबले. बाईंनी शेरिफच्या पोलिसांकडून त्याला आणवला. अंगावर मक्याची धूळ तशीच. बाईंनी विचारलं, का आला नाहीस? तर म्हणे, चुकलं माझं. बस. तेवढंच. बाईंना वाटलं, हा माज करतोय. कोर्टाचा अवमान म्हणून रात्रभर कोठडीत टाकला."

"मग?"

"सकाळी कळलं, शेजाऱ्याचा पोरगा मक्याच्या उंच पत्र्याच्या कोठीत दाण्यांत गळ्यापर्यंत रुतला होता. ड्वेनने नि आणखी चौघांनी पत्रा कापून त्याला बाहेर काढला. जगला पोरगा."

"पण मग त्याने सांगितलं का नाही?"

लुमिर हसला. "तुम्ही शहरातले, साहेब. आमच्याकडे माणूस सबब सांगत नाही. लाज वाटते."

आता उरलेलं सांगायला त्याला जोर चढला. त्या सकाळी बाईंनी कोर्ट भरवलं, ड्वेनला आणवलं आणि स्वतः व्यासपीठावरून खाली उतरल्या. जिथे आरोपी उभा राहतो, तिथे काळ्या झग्यात उभ्या राहून त्या म्हणाल्या होत्या, 'मिस्टर कुचेरा, मी विचारलं एकदाच, आणि थांबले नाही. माफ करा.'

"त्या दिवसापासून बाई प्रत्येकाला दोनदा विचारतात, आणखी काही सांगायचंय? आणि थांबतात. माझे गुडघे भरून येतात, साहेब, इतक्या थांबतात. पण माणूस बोलतो हो शेवटी. असा जज तुम्हाला तिथे वरती कुठला मिळणार? घेऊन जा त्यांना."

तपासनीस उठला. "हे मला काल कुचेरांनी सांगितलं. जजबाईंनीच मला सगळ्यात आधी त्यांच्याकडे पाठवलं होतं."

लुमिरचा ऊर अभिमानाने भरून आला. बाईंनी स्वतःची चूक स्वतःच उघड्यावर मांडली होती, आणि आपण इथे उगाच घुसमटत होतो!

वसंतात सिनेटची मंजुरी आली. नव्या जजने आपल्या भाच्याला बेलिफ नेमलं. शेवटच्या दिवशी गावातली माणसं कोर्टात दाटीवाटीने बसली होती. मागच्या बाकावर ड्वेन कुचेरा टोपी मांडीवर घेऊन बसला होता. केक कापून झाला, भाषणं झाली. बाईंनी लुमिरकडे पाहिलं.

"लुमिर, तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही, जजबाई."

"आणखी काही?"

त्याने मान हलवली. बाई थांबल्या. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. डोरिनने रुमाल काढला.

"तिथे..." लुमिर म्हणाला, "तिथे तुम्ही आत येताना हाक दुसरंच कुणीतरी देईल."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

"मग आजची मी देतो."

त्याने कोटाची बटणं लावली, ताठ उभा राहिला आणि पहिल्या दिवसाइतक्याच खणखणीत आवाजात म्हणाला, "सगळे उभे राहा!"

सगळ्यांच्या आधी ड्वेन कुचेरा उठला.