काठ्या साडूकडे

आमचा तंबू दोन घरांत राहतो. कापड माझ्याकडे, काठ्या साडूकडे. पहिल्या खेपेला डोंगरातून परतताना स्टेशनवर घाईघाईत सामान वाटलं गेलं आणि काठ्यांची पिशवी त्याच्या खांद्यावर गेली. पुढच्या वर्षी दोघांनी आपापला हिस्सा इमानेइतबारे आणला, आणि तोच रिवाज पडला. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी त्या तंबूची गत. एकट्याने जायची सोयच नाही. माझी बायको म्हणायची, ह्या दोघांचं खरं लग्न तंबूने लावलंय, आपलं आहे ते नावाला. आधी हसून म्हणायची. नंतर नुसतंच म्हणायची.

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी त्यांत प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो, घासूनपुसून परत पाठवतो. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, एक लांब टेबल, खिडकीखाली फडताळ आणि त्यावर अनोळखी लोकांचे जबडे. गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात, पण त्यातलं एकही मला रस्त्यात ओळखत नाही. साडू लिफ्टची दुरुस्ती करतो. दिवसभर वर-खाली करून तो इतका विटलेला असतो की डोंगराच्या पायथ्याशी उभा राहिला की दरवेळी विचारतो, "बटण कुठंय?" दरवर्षी हाच विनोद. मीही दरवर्षी हसायचो. विनोद चांगला होता म्हणून नव्हे, आता चालायला सुरुवात होणार म्हणून.

तीन वर्षांपूर्वी बायकोने आणि मी काडीमोड घेतला. भांडण नाही, तंटा नाही. दोन शहाण्या माणसांनी एकमेकांचा कंटाळा आल्याचं कबूल केलं, एवढंच. गेल्या वर्षी तिने दुसरं लग्न केलं. मला वाईट वाटलं, पण तुम्ही समजता तितकं नाही. बायको गेली की सासर जातं, हे मला ठाऊक होतं. सासूबाईंचा फोन बंद झाला, मेहुण्याने मला पाहून रस्ता ओलांडला, ठीक आहे. पण साडूही त्याच हिशेबात जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बायकोच्या बहिणीचा नवरा तो साडू. मधली बायकोच काढून घेतली तर आम्ही एकमेकांचे कोण? ह्या नात्याला नाव नाही. मित्र म्हणावं तर आम्ही कधी एकमेकांना तसं म्हटलं नव्हतं. गरजच पडली नव्हती.

काडीमोडाच्या वर्षी आम्ही गेलो नाही. पुढच्या वर्षी त्याला रजा मिळाली नाही. गेल्या वर्षी त्या घरात लग्न होतं. यंदा मी ठरवलं की जायचंच. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानातली वरची वाट, पाच दिवसांची, जी आम्ही गुडघे शाबूत आहेत तोवर करू म्हणत इतकी वर्षं पुढे ढकलली होती. मी साडूला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बघतो." ह्या शब्दाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. मी मात्र कळून घेतला नाही.

टेबलावरचे जबडे बाजूला सारून मी नकाशा पसरला. पहिला मुक्काम ओढ्याकाठी, कारण पहिल्या दिवशी साडूचे पाय बोलायला लागतात. दुसरा खिंडीच्या अलीकडे, म्हणजे खिंड सकाळी, वारा उठायच्या आत पार होईल. तिसऱ्या मुक्कामाला पाणी नव्हतं, ते खालच्या झऱ्यावरून वाहून न्यावं लागणार होतं. ते मी माझ्याकडे घेतलं. प्लास्टर तोलायच्या काट्यावर ओट्स तोलले, सुके अंजीर तोलले, चुलीचं इंधन तोललं. टेबलावर दोन ढीग केले. त्याच्या ढिगात गुडघ्याचा पट्टा आणि वजनाने हलकं ते सगळं. माझ्या ढिगात कानात घालायचे कापसाचे बोळे, कारण साडू झोपेत लाकूड कापल्यासारखा घोरतो.

एक अडचण होती. उद्यानाचा नियम असा की वरच्या वाटेवर एकट्या माणसाला सोडत नाहीत. पूर्वी कुणी पाय मोडून दोन दिवस पडून राहिला होता म्हणे. परवानगीच्या कचेरीतली बाई फोनवर गोड बोलायची, पण नियमाला चिकटून. जागा मिळाली होती, नाव मात्र एकच नोंदलेलं होतं. महिनाअखेरपर्यंत दुसरं नाव कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असं तिने दोनदा बजावलं. मी दोनदा सांगितलं की नाव आहे, माणूस कामात आहे.

शेवटी साडूच्या घरी फोन लावला. मेहुणीने उचलला. पूर्वी ती फोन उचलताच "काय भाऊजी, पडला का एखादा दात?" म्हणायची. आता भाऊजी म्हणावं की नाही ह्या पेचात ती नुसतं "हं, बोला" म्हणाली. मी साडूची चौकशी केली. ते बाहेर गेलेत, म्हणाली. कुठे, असं मी विचारलं नव्हतं, पण तिनेच सांगून टाकलं की चालायचे बूट घ्यायला. मग गॅसवर काहीतरी आहे म्हणून घाईघाईने फोन ठेवला.

बूट! मी खोलीत एकटाच हसलो. लबाड माणूस, तोंडाने बघतो म्हणतो आणि गुपचूप बूट घेतो. त्या दिवशी मी एका कवळीला चुकून खालचे दात वर बसवले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सगळं मेण वितळवून पुन्हा बसवावं लागलं, तरी मला राग आला नाही. त्याच्या ढिगात मी अंजिरांची आणखी एक पुडी टाकली.

दोन दिवसांनी, काम आवरता आवरता, दारात साडू उभा. अंगावर कंपनीचा निळा डगला, खांद्यावर काठ्यांची ती लांब पिशवी. तिला पाहून मला झालेला आनंद सांगायला लाज वाटते. मी त्याला बसवलं, चहा टाकला आणि नकाशावर बोट ठेवून सुटलोच. ओढा, खिंड, झरा, पाणी मी वाहीन, तू काळजी करू नकोस. तो फडताळावरचा एक जबडा हातात घेऊन उघडमीट करत बसला होता. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याचा चेहरा मला ओळखता यायला हवा होता.

"नवीन तंबू घेतलाय आमच्याकडे," तो जबड्याला म्हणाला.

"कशाला? आपला आहे की."

"त्यांना चालायची आवड आहे. तिच्या... म्हणजे नव्या नवऱ्याला." त्याने जबडा खाली ठेवला. "चौघांनी मिळून ठरवलं. दोघी खाली गावात राहणार, आम्ही दोघं वर जाणार. तो आता माझा साडू लागतो रे. मी काय करू?"

मी चहा गाळला. काहीतरी करायला हवं होतं. साडूची जागा रिकामी होती, ती भरली गेली. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. नात्यांत हे असंच चालतं. माणूस बदलतो, पद तेच राहतं. मला मात्र ते लागलं. बायकोने निरोप घेतला त्या दिवशीही इतकं लागलं नव्हतं, आणि हे मला तिथं, गाळणी हातात धरून, पहिल्यांदा कळलं.

"कसा चालतो?" मी विचारलं.

"सराव म्हणून टेकडीवर गेलो होतो. पुढे पुढे पळतो. मागे वळून बघत नाही."

"बटण कुठंय विचारलंस?"

"विचारलं." साडू कपात बघत राहिला. "तो म्हणाला, कसलं बटण?"

मला बरं वाटलं. हलकट वाटलं, पण बरं वाटलं.

मग त्याने काठ्यांची पिशवी टेबलावर माझ्याकडे सरकवली. ह्या आता तूच ठेव, म्हणाला. तंबू पुरा होईल, कुणाबरोबरही जाता येईल, माझ्यामुळे अडायला नको. त्याच्या परीने तो मोठं मन करत होता. पिशवीच्या बंदाला त्याने मागे कधीतरी मारलेली गाठ तशीच होती. पुरा तंबू. मी त्या पिशवीकडे बघितलं. ती ठेवून घेतली की त्याला इकडे यायचं काही कारण उरणार नव्हतं, आणि मलाही त्याला फोन करायचं.

"घेऊन जा," मी म्हणालो.

"अरे, मला काय करायच्यात? आमचा नवा आहे."

"मला तरी काय करायच्यात? माळ्यावर होत्या तिथंच ठेव. कापड माझ्याकडे, काठ्या तुझ्याकडे. इतकी वर्षं चाललंय ते कशाला मोडायचं?"

 त्याने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला, पिशवी उचलून खांद्यावर टाकली. दारात थांबून म्हणाला, "कापडाला बुरशी धरू देऊ नकोस. अधूनमधून उन्हात टाकत जा." मी म्हटलं, टाकतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर काठ्या कठड्याला लागत होत्या, ते मी खालचं दार लागेपर्यंत ऐकत राहिलो.

सकाळी कचेरीतल्या बाईला फोन करून जागा सोडत असल्याचं सांगितलं. ती बिचारी हळहळली. जोडीदार मिळाला नाही का, असं तिने विचारलं.

"आहे ना," मी म्हणालो. "यंदा तो दुसऱ्याबरोबर चाललाय."

ऊन चांगलं पडलं होतं. कापड काढून गच्चीवर पसरलं, दुपारी उलटं केलं, संध्याकाळी घडी घालायला गेलो. त्या कापडाची घडी दोघांची आहे. दोघांनी समोरासमोर दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, आणि चालत एकमेकांकडे यायचं. मी दोन टोकांवर विटा ठेवल्या आणि उरलेली दोन हातात घेऊन विटांकडे चालत गेलो. घडी काही नीट बसली नाही.