रुग्णालयामागचा धूर

“आजचा दिवस मानवी आरोग्याच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल!” असं जाहीर करून मोठे डॉक्टर जेनिश अकमातोविच खाकरले आणि त्याच दमात म्हणाले, “अनिपा एजे, पाहुणे यायच्या आत तेवढा सुया-पट्ट्यांचा कचरा जाळून टाका.”

अनिपा जागची हलली नाही. नारिनच्या डोंगरातल्या त्या तालुका रुग्णालयात कचरा उचलण्यात तिची उमर गेली होती; सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत. मोठ्या डॉक्टरांना ‘हो’ म्हणायची जिभेला सवय होती. आज ते ‘हो’ निघेना.

“यंत्र आहे ना,” ती म्हणाली.

यंत्र होतं. गुणवत्ता सुधार योजनेतून आलं होतं. सुया-पट्ट्या आत घालायच्या, वाफेवर निर्जंतुक करायच्या, प्लास्टिक आणि लोखंड भंगारात विकायचं. डिझेल वाचतं, चार पैसे येतात, धूर होत नाही. शिकवायला आलेल्या बाईंनी सगळ्यांकडून ते चालवून घेतलं होतं. बाई गेल्या आणि डॉक्टरांनी यंत्रावर भरतकामाचं कापड घालून खोलीला कुलूप लावलं. किल्ली अनिपाकडे, धूळ पुसण्यापुरती. अहवालात याला ‘काटेकोर देखभाल’ म्हटलं होतं.

“एजे, तुमच्या घरी नव्या गोधड्यांची चळत आहे ना?” डॉक्टरांनी समजुतीनं विचारलं. “भिंतीशी, पार छतापर्यंत?”

“आहे.”

“झोपता तुम्ही त्यांच्यावर?”

“नाही. पाहुण्यांच्या आहेत त्या.”

“मग! पाहुण्यांनी झाकण उघडायचं, आणि आत आपली घाण? काही अब्रू आहे की नाही!”

अनिपा बादल्या घेऊन मागे गेली. कचरा जाळायचा खड्डा छातीच्या वॉर्डाच्या बरोबर खिडकीखाली होता आणि ती खिडकी नीट लागत नव्हती. आत तुरार म्हातारा उशीला टेकून एकेक श्वास ओढत होता. आयुष्यभर मेंढ्यांमागे डोंगर चढला, आता खाटेवरून उतरवत नव्हतं. मागच्या वेळच्या धुरानं त्याचे ओठ निळे पडले होते. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई स्वच्छ म्हणाल्या होत्या, आणखी धूर याला सोसायचा नाही.

“पोरी,” तो खिडकीतून म्हणाला, “आज परत भाजतेस का मला? निदान मीठ तरी लाव.”

“गप्प पडा, अक्साकाल आजोबा. दम लागेल.”

“असला तर लागेल ना!”

तिनं डिझेलचा डबा उचलला आणि तिला नवरा आठवला. पाठीनं बेजार झालेला, जुन्या लोकरी जाजमावर झोपायचा. “एक गोधडी काढ की,” म्हणायचा. ती म्हणायची, “आणि पाहुणे आले म्हणजे?” आले पाहुणे. त्याच्या मयताला आले. चळत मोडली, आणि त्या मऊ गोधड्यांवर गावानं ऐसपैस बसून मटण खाल्लं.

तिच्या डोक्यात सणक गेली. डबा लाथेनं उडाला. ती तरातरा आत आली, कुलूप काढलं, कापड ओढून कोपऱ्यात भिरकावलं, बादल्या रिकाम्या केल्या आणि बटण दाबलं.

वाफेचा आवाज ऐकून डॉक्टर धावत आले. “बंद करा! आत्ताच्या आत्ता!”

“मधेच उघडलं तर तोंड भाजतं. स्वतःचं भाजायचं असेल तर उघडा.”

“नोकरी जाईल, एजे!”

“जाऊ दे! यंत्राला ओरखडा नको म्हणून माणूस मारता? लाज कशी वाटत नाही हो?”

तेवढ्यात दारात गाड्या थांबल्या.

राजधानी बिश्केकहून आलेल्या, योजनेच्या प्रमुख बाईंनी यंत्राला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. त्यांचा चेहरा उजळला. “इतकी रुग्णालयं पाहिली, पण चालू यंत्र इथंच दिसलं!”

“आमच्याकडे रोजचंच आहे,” डॉक्टर लगेच सुरू झाले. “डिझेलची बचत, भंगाराचं उत्पन्न, शिवाय डोंगरातली शुद्ध हवा...”

“खोटं आहे,” अनिपा म्हणाली. “आज पहिल्यांदा चाललंय. एरवी मी मागं जाळते आणि तो धूर पलीकडचा म्हातारा गिळतो. या, दाखवते.”

बाई तिच्यामागे गेल्या. काळा खड्डा पाहिला, वरची खिडकी पाहिली, खिडकीतला म्हातारा पाहिला. परतल्या तेव्हा त्यांचा आवाज थंड होता.

“खड्डा आजच बुजवा. यंत्र रोज चाललं पाहिजे, मी न सांगता येऊन बघणार. काही अडचण आहे, डॉक्टर?”

“मुळीच नाही,” जेनिश अकमातोविच छातीवर हात ठेवून लवले. “फक्त एक बारीकशी विनंती. हे तर आता वापरलेलं झालं. पाहुण्यांना दाखवायला एखादं नवं मिळेल का?”