पंख्याशेजारची खुंटी

मित्रांनो, मी एका जुन्या पिकअप गाडीतला हीटरचा खटका आहे. मला ओढले की इंजिनातले कढत पाणी नळीतून ड्रायव्हरच्या पायांजवळच्या पेटीत येते. पेटीमागचा पंखा फिरला की उबदार वारा सुटतो. ज्या थंड मुलखात मला बसवले, तिथे मला मोठा मान होता.

महायुद्ध संपले. लष्कराने गाडी लिलावात काढली आणि पनवेलच्या एका मिठागरवाल्याने ती घेतली. आता सांगा, पनवेलला हीटर कोणाला हवा?

माझ्यापासून चार बोटांवर पंख्याचा खटका होता. नुसता पंखा लावला की साधा वारा यायचा. मिठाच्या गोणी भरून काशीराम ड्रायव्हर घामाघूम होऊन बसला की त्याचे पहिले बोट पंख्यावर. "घाल रं राजा वारा!" असे तो त्याच्याशी बोलायचा. बोटे लागून लागून पंख्याच्या खटक्यावरचा काळा रंग उडाला होता. मला त्या झिजण्याचाही हेवा वाटे. माझा रंग अगदी कोरा होता.

एकदा जेवणाचे फडके माझ्यावर टांगले. त्याच्या ओझ्याने मी बाहेर सरकलो आणि काशीरामचे पाय पोळले. त्याने मला शिवी हासडली आणि सुतळीने करकचून बांधले. तेव्हापासून मी खुंटी झालो. टोपी माझ्यावर, फडके माझ्यावर. दसऱ्याला हळदकुंकू मात्र पंख्याला.

१९५८ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. काशीरामची धाकटी बहीण वेणू सातवी पास झाली होती. पुण्याला शिक्षिकांच्या वर्गात तिचे नाव लागले होते. दुपारी दोनपर्यंत हजर व्हायचे, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाणार. आई सखूबाई निघताना म्हणाली, "नाय जमला तर परत ये गो. सोयरीक आलीच हाय." गाडी मीठ घेऊन पुण्याला चालली होती, म्हणून वेणू तिच्यातच बसली.

खंडाळ्याच्या घाटात इंजिन तापले. दोनदा थांबून झाले. तिसऱ्यांदा वाफ आली, तेव्हा काशीरामने गाडी कडेला घेतली.

"निवू दे अर्धा तास."

"दादा, मंग माजी जागा गेली!" वेणू म्हणाली. पाय पोळल्याची गोष्ट तिने ऐकली होती. ती माझ्याकडे पाहू लागली. "मगाशी खोपोलीला चहा पोळला, तवा काय केलास?"

"बशीत वतला."

"मंग इंजिनाचा पानी पन बशीत वत. ती पेटी म्हंजे बशी. फुकर घालाया पंखा हाय. सोड ती सुतळी."

"याड लागला काय गो? आदीच भट्टी हाय!"

"मी सोशीन. तू सोड."

काशीरामने डब्यातले उरलेले पाणी रेडिएटरमध्ये ओतले आणि सुतळी तोडली. मी गंजलो होतो. दोन्ही हातांनी ओढले तेव्हा कुरकुरत बाहेर आलो. आत आग पसरली. वेणूने पाय वर घेतले, दोघांची तोंडे लाल झाली, पण इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा उतरला. गाडी चढू लागली.

एका खड्ड्यात दणका बसला आणि पंखा बंद पडला. खरे सांगतो, मला आनंद झाला. आता सगळे नाव माझेच! पण लगेच काटा चढला. पेटी भरलेली, आणि फुंकर घालायला कोणी नाही. वेणूने पंख्याच्या खटक्यावर बुक्की मारली. पंखा पुन्हा फिरला, तेव्हा मीच सुटकेचा निःश्वास टाकला.

दीड वाजता पुणे आले. काशीरामने सवयीने पंख्याला थोपटले. "शाबास रं माज्या पंख्या!" आणि घामाचा सदरा काढून टांगला माझ्यावर. इंजिनाची काय, त्याहून मोठी आग माझ्या पोटात पेटली.

वेणूने उतरताना सदरा उचलला. पदराने मला पुसले. "दादा, याला परत बांदू नको."

तेच माझे हळदकुंकू.

आता गाडी मिठागरामागे उभी असते. पंख्याचा खटका कधीच गळून पडला. तिथे नुसते भोक आहे. येणारी मुले त्या भोकात बोट घालतात, आणि मला अजून हेवा वाटतो. पण पंखा असता तर बरे झाले असते, असेही वाटते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाची तरी खुंटी झाली असेल. तिच्यावरचे ओझे काढा, गंज पुसा, आणि एकदा ओढून पाहा.