मल्लेशची बंद पडलेली हार्ड डिस्क

भवानी पेठेत कुणी मल्लेशच्या चादरींचं कौतुक केलं की माझा जळफळाट होतो. आम्ही दोघंही चादरींची डिझाइनं काढतो. पण गिऱ्हाईक मलाच विचारतं, "मल्लेशसारखा मोर जमंल का वो तुमाला?"

परवा कोंडीबा भंगारवाल्याच्या गाड्यावर एक हार्ड डिस्क दिसली. "मल्लेशची हाय. बंद पडली म्हणून दिली," तो म्हणाला. मी ती लगेच मागून घेतली. चोरी कसली त्यात? त्यानं टाकली, मी उचलली.

रिपेअरवाल्यानं जळालेला भाग बदलला. "आतलं सगळं जसंच्या तसं हाय की," तो म्हणाला. घरी येऊन मी दार लावलं. आता मल्लेशचं सगळं गुपित माझ्या हातात होतं.

पहिलीच फाइल उघडली. कोपऱ्यात माझ्या लेकीचं नाव होतं, भुवनेश्वरी. माझ्या प्रत्येक डिझाइनवर मी ते टाकतो. तीन वर्षांपूर्वी माझी डिस्क बंद पडली, तेव्हा मीही ती याच कोंडीबाला दिली होती. मी कंटाळून अर्धवट सोडलेला मोर या फाइलमध्ये तसाच होता.

मल्लेशची गचांडी धरायला मी चपला घातल्या. जाता जाता पुढची फाइल उघडली. त्यात त्यानं तोच मोर पुरा केला होता.

मी चपला काढून खाली बसलो. इतका देखणा मोर मला जन्मात जमला नसता.