उन्हाकडे पाठ

वीज गेली की आमच्या घरात सगळ्यात आधी थांबायचा तो वन्संच्या मशीनचा आवाज. वन्सं म्हणजे माझी नणंद. फुप्फुसं थकलीत त्यांची. नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन, असा त्यांचा दिवस जातो. आवाज थांबला की मी हातातलं टाकून सिलिंडरची चावी फिरवायला धावायची. एकदा सिलिंडरही तळाला गेलेला, आणि नेमका त्याच दिवशी त्यांचा मुलगा भेटायला आलेला. त्याने काटा पाहिला, आईचे निळसर ओठ पाहिले आणि म्हणाला, "मामी, आता पुरे. माझ्या इमारतीत जनरेटर आहे. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो आणि आईला नेतो."

त्याचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

माझा नवरा गेला तेव्हा वन्सं चार दिवसांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या त्या राहिल्याच. मला अक्षरं त्यांनीच शिकवली, स्वयंपाकघरात, पिठात बोटाने काढून. तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. आम्ही भांडतोही मनसोक्त. पण त्या गेल्या तर मी भांडू कोणाशी? भिंतीशी?

सोलर बसवायचं आमच्या बोलण्यात होतंच. दुकानदार म्हणाला, एवढ्याशा कामाला आम्ही माणसं पाठवत नाही. मी म्हटलं, नका पाठवू. सामान तेवढं पोचवा. जन्मभर नवऱ्याच्या जोडीने गवंडीकाम केलंय, लोखंडाचे चार पाय रोवता येणार नाहीत होय? विजेचं काम मात्र मला येत नव्हतं. ते शेजारच्या, जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्याने अंगावर घेतलं. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. का ते त्याच्या भुवया पाहिल्या की कळतं.

पॅनेलं स्वयंपाकघराच्या बुटक्या स्लॅबवर बसवायची ठरली. शिडी लावून मी वर, वन्सं खाली अंगणात खुर्चीवर, नळी लांब करून. सामानाबरोबर आलेलं पुस्तक मी वरून मोठ्याने वाचायची. कुठे अडखळले की खालून आवाज यायचा, "जोडाक्षर सुटलं, वहिनी!"

"तुम्ही श्वास घ्या आधी!"

"तो मशीन घेतंय. मी नुसतं ऐकतेय."

पुस्तकातल्या चित्रात पॅनेल तिरकं होतं. म्हणजे ढाळ हवा, एवढं मला कळलं. ढाळ द्यायला मला कोणी शिकवायला नको. मी मागचे पाय उंच, पुढचे पाय बुटके धरले, ओळंबा लावला, दोरी ताणली आणि पाय काँक्रीटमध्ये असे पक्के केले की हत्तीने ढकललं तरी हलायचे नाहीत. मग ठिणगीने वायरी ओढल्या. आधी बॅटरी जोडायची, पॅनेल मागाहून, हे त्याने मला तीनदा बजावलं. घरात बॅटरी आणि इन्व्हर्टर बसले, त्यावर फक्त वन्संचं मशीन. हिरवा दिवा लागला. वन्संनी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि मशीन सोलरवर सुरू राहिलं. मी देवाचे आभार मानायला हात जोडते न जोडते तोच इन्व्हर्टर कोकलायला लागला. बॅटरी रिकामी. पुन्हा सिलिंडर, पुन्हा धावपळ.

ठिणगीने एकेक जोड उकलून पाहिला. "मावशी, वायरीत दोष नाही. ऊनच पुरत नाहीये."

"आभाळ स्वच्छ आहे की रे!"

"तेच तर म्हणतोय मी."

असं करता करता रविवार उजाडला. मी सकाळी पॅनेलं ओल्या फडक्याने पुसत होते. वन्सं खाली ऊन खात बसल्या होत्या. बराच वेळ वर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, हिवाळ्याचं ऊन माझ्या पाठीमागून येतंय. तुझी पॅनेलं मात्र माझ्याकडे पाठ करून बसलीत. सुनेने रुसून भिंतीकडे तोंड करावं तशी. कोणाकडे बघतायत ती?"

मी बघितलं. ती पन्हाळीकडे, उत्तरेला बघत होती.

स्लॅबचा ढाळ पन्हाळीकडे द्यायचा, पाणी तुंबू द्यायचं नाही. सगळी हयात मी हेच केलं होतं. पॅनेलांनाही हाताने तोच ढाळ दिला. सूर्य कुठून जातो हे मनात आलंच नाही. जणू ऊनसुद्धा पन्हाळीतून वाहून जायचं होतं. मी तिथेच बसले. हसू की रडू कळेना. ठिणगी धावत आला, कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाला, "मी वायरीच बघत बसलो की!"

ठिणगीने वायरी सोडवल्या आणि मी छिन्नी-हातोडा घेतला. स्वतःचंच पक्कं काम फोडताना कळलं, किती पक्कं होतं ते. निम्मे पाय सुटले होते, पॅनेलं कठड्याला टेकून ठेवलेली, धूळ उडालेली, आणि फाटकाशी गाडी थांबली. भाचा. हातात आईच्या कपड्यांसाठी आणलेली रिकामी बॅग.

त्याने वर पाहिलं. "मामी, हे काय? मोडून टाकताय?"

"फिरवतोय," वन्संच बोलल्या. "तुझी मामी उन्हाला पाणी समजली."

त्याला काही कळलं नाही. मी वरूनच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्याने आईच्या नाकातल्या नळीकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. मग त्याने बॅग खुर्चीशी ठेवली, बूट काढले आणि शिडी चढून वर आला. "कुठे धरू?"

तिघांनी मिळून चौकटी फिरवल्या. नवीन काँक्रीट वाळेपर्यंत पायांवर विटांचं वजन ठेवलं. ठिणगीने जोडणी केली, आधी बॅटरी, मग पॅनेल, आणि चार्जिंगच्या काट्याकडे बोट दाखवून शीळ घातली. दुप्पट.

ऊन कलेपर्यंत बॅटरी भरत राहिली. मग भाच्याने स्वतः मेन स्विच पाडला आणि आईच्या उशाशी जाऊन बसला. मशीन क्षणभर गप्प झालं, लगेच घरघरायला लागलं. तो घड्याळ बघत होता, मी त्याच्याकडे. चहा झाला, जेवण झालं, मशीन चालूच होतं.

"मामी," तो शेवटी म्हणाला, "एक भरलेला सिलिंडर कायम घरात हवा. तो मी पाठवीन. आणि रोज मला फोन. मग आई इथेच..."

"अरे, आईला कोणी विचारणार आहे का?" वन्सं म्हणाल्या. "की माझीही दिशा तुम्ही दोघंच ठरवणार?"

"विचारतो. राहतेस?"

"हिला अजून जोडाक्षरं नीट येत नाहीत. राहावंच लागेल."

रिकामी बॅग घेऊन तो गेला, फाटकापर्यंत दोनदा मागे वळून बघत. मी आत आले आणि वन्संचे पाय धरले. त्यांच्यामुळे अक्षरं आली, त्यांच्यामुळे ऊनही आलं. म्हटलं, "वन्सं, तुमचं कसं फेडू?"

"फेडशील सावकाश. आधी तो मेन स्विच वर कर, बाई. माझा रेडिओ मघापासून मुका पडलाय."