कोरा रकाना

दसऱ्याच्या सकाळी दहा चाळीसला अमरावतीत मंजुषाने पुरणाचे हात धुतले आणि लॅपटॉप उघडला. अकोल्याच्या रुग्णालयातलं, तिचंच सॉफ्टवेअर चालवणारं यंत्र साडेनवाला बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याचा निरोप तासाभरापासून मोबाइलवर पडून होता. तिने सहज वॉर्डचं पान उघडलं. एकेचाळीस रुग्ण होते. नावं बरोबर, खाटा बरोबर. फक्त ॲलर्जीचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

तो रकाना कोरा करण्याची व्यवस्था तिनेच केली होती.

त्या यंत्रात दोन कंटेनर होते, म्हणजे दोन बंद खोल्याच म्हणा. एकात वॉर्डच्या खऱ्या नोंदी, दुसऱ्यात नव्या नर्सेससाठी सराव. रोज पहाटे खऱ्या नोंदींची नक्कल सरावात उतरे, ॲलर्जी तेवढी पुसून, कारण कागदाची फाइल पाहून ती भरायची हाच सराव होता. दोन्ही पानं हुबेहूब सारखी हवीत, हा रुग्णालयाचा हट्ट होता आणि तिने तो मानला होता. दारावर रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे वाट दाखवणारा राखणदार, बसवलेला. कुणी ब्राउझरमध्ये वॉर्डचा लोकल पत्ता टाकला की तो वॉर्डच्या खोलीत नेई, सरावाचा टाकला की सरावाच्या. पण त्याला वाट सांगताना मंजुषाने कंटेनरचं नाव लिहिलं नव्हतं, आतला आकडी पत्ता लिहिला होता. आणि यंत्र सुरू होताना जो कंटेनर आधी उठेल, त्या क्रमाने हे आकडे वाटले जातात. आज सराव आधी उठला आणि वॉर्डचा आकडा घेऊन बसला.

म्हणजे सकाळपासून सगळे खोट्या खोलीत काम करत होते.

तिने खऱ्या नोंदी थेट उघडल्या. ॲलर्जी तिघांना होती. दोघांना आज कसलंच इंजेक्शन नव्हतं. तिसरी तानुबाई, खाट एकोणीस, पायाच्या जखमेचं ऑपरेशन झालेली. पेनिसिलिन चालत नाही, असं लाल अक्षरात होतं. सरावाच्या पानावर मात्र नऊ पन्नासला डॉक्टरांनी त्याच जातीचं औषध लिहिलं होतं. खऱ्या पानाने ते अडवलं असतं. वेळ लिहिली होती अकरा. आता दहा सत्तेचाळीस.

वॉर्डचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. मग तिने तिथल्या कॉम्प्युटर विभागाच्या गोवर्धनला लावला.

"मॅडम, दसऱ्याच्या शुभेच्छा! मशिनची पूजा एकदम झकास झाली. हार घातला, नारळ फोडला..."

"गोवर्धनभाऊ, मशीन बंद केलं होतं?"

"मंग? चालू मशिनले हळदकुंकू लावतात काय? करंट मारन ना!"

"तुमी आत्ता कुठं आहा?"

"खाली. प्रसाद वाटून राहिलो."

"तो ठेवा अन् पळा. तिसरा मजला, एकोणीस नंबर, तानुबाई. तिले अकराचं इंजेक्शन देऊ नका म्हना. फोन कापू नका."

"मी म्हनू? सिस्टर मले हाकलून देईन."

"हाकललं तरी हलू नका. पळा, भाऊ. जीव जाईल तिचा."

पुढे फक्त पावलं ऐकू येत राहिली, आणि जिन्यावर गोवर्धनची धाप. मंजुषाच्या बोटांनी तेवढ्यात आकडा खोडून कंटेनरचं नाव लिहिलं, प्रॉक्सीला नवी वाट वाचायला लावली. रकाना भरून आला. पण तेवढ्याने काहीच बदललं नव्हतं. औषध पडद्यावरून केव्हाच सिरिंजमध्ये गेलं असणार.

"गोवर्धनभाऊ, चपला घालून कुठं घुसता?" आरती सिस्टरचा आवाज आला.

"थांबा. हे देऊ नका."

"डॉक्टरसाहेबांनी लिहिलं, कॉम्प्युटरनं काई लाल दाखवलं नाई. आज तुमी डॉक्टर झाले काय?"

"स्पीकर लावा!" मंजुषा ओरडली. "सिस्टर, मी सॉफ्टवेअरची मंजुषा. पडदा खोटा आहे. कागदाची फाइल काढा. पहिलं पान."

पानाची सळसळ झाली.

"अर्धं औषध आत गेलं," आरती हळू म्हणाली.

तिच्यामागून तानुबाईचा म्हातारा आवाज आला. "बाई, मले घशात दाटून राहिलं."

मग ट्रॉलीची चाकं, उताऱ्याचं इंजेक्शन आणा अशी कुणाची तरी हाक, खाटेभोवतीचा पडदा ओढल्याचा खरखराट. गोवर्धनने फोन खिशात टाकला असावा. सगळं कापडातून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं. मंजुषा खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. स्वयंपाकघरातून पुरण करपल्याचा वास आला, तरी उठली नाही. कापडाआड कुणीतरी घरघरत श्वास घेत होतं. तो आवाज थांबू नये, एवढंच तिला हवं होतं. मध्येच तो ऐकू येईनासा झाला, तेव्हा तिने टेबलाची कड घट्ट धरली.

अकरा बावीसला गोवर्धन बोलला. "मॅडम, म्हातारी उठून बसली. पानी मागून राहिली."

तिकडे गोवर्धनच कुणाला तरी सांगत होता, "माहीच चूक, साहेब. पूजेसाठी मीच बंद केलं होतं."

रुग्णालयाच्या प्रमुख साहेबांनी फोन घेतला. "खरं आहे हे?"

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "बंद केल्यावर यंत्र नीट उठलंच पाहिजे. वाट मी चुकीची लिहिली होती. आजचा दिवस कागदावर चालवा, मी निघते."

"निघा. पण आधी सांगा, हीच वाट अजून कुठं लिहिलीय?"

मागच्या महिन्यात अचलपूरच्या रुग्णालयात तिने वाटांची हीच फाइल जशीच्या तशी उतरवली होती. तिथलं यंत्र सांभाळणाऱ्या श्रावणने सकाळीच आमंत्रण धाडलं होतं. यंत्राची पूजा, साडेअकरा वाजता.

अकरा अठ्ठावीस झाले होते. तिने अकोल्याचा फोन ठेवला आणि श्रावणचा नंबर लावला. पलीकडून आधी घंटानाद ऐकू आला, मग त्याचा हसरा आवाज, "बोला ताई!"

"श्रावण, बटनाले हात लावू नको."

"आत्ताच दाबलं ना ताई," तो म्हणाला. "काहून?"